थेरपिस्टचे पद रिक्त, वैद्यकीय बोर्डाची तारीख लांब: दिव्यांग मुलाच्या हक्काची सेवा रखडली तर काय करायचे

‘मॅडम डेप्युटेशनवर गेल्यात.’ ‘ते पद रिक्त आहे.’ ‘पुढच्या महिन्यात चौकशी करा.’ महाराष्ट्रात दिव्यांग मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात, गटसाधन केंद्रात किंवा शाळेत हेलपाटे घालणाऱ्या आईवडिलांना ही उत्तरे ओळखीची आहेत. समोरचा कर्मचारी बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. अख्ख्या जिल्ह्याला एकच स्पीच थेरपिस्ट असेल आणि तिच्याकडे दुसऱ्या रुग्णालयाचाही कार्यभार असेल, तर ती तरी काय करणार? पण मुलाचे वय कोणासाठी थांबत नाही.

तोंडी मिळालेले ‘पुढच्या महिन्यात या’ कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही, म्हणून सरकारी हिशेबात तुमचे मूल रांगेत उभेच नसते. रांग दिसत नाही, म्हणून पद भरायची घाईही कोणाला नसते. तेव्हा पालकांनी दोन कामे एकदम करायची आहेत: मुलाची प्रतीक्षा कागदावर आणायची आणि ती चालू असताना मुलाचे नुकसान कमीत कमी ठेवायचे. पुढचे सगळे या दोन कामांसाठी आहे.

आधी हे ठरवा: कशासाठी थांबता येईल आणि कशासाठी नाही

प्रत्येक उशीर सारखा नसतो. दिव्यांग प्रमाणपत्र दोन महिने उशिरा आले तर त्रास होतो, पण तो भरून निघतो. काही गोष्टींत मात्र गेलेले महिने परत मिळत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी तारखेची वाट पाहू नका. दुसरे सरकारी रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा धर्मादाय रुग्णालय, जिथे लवकर दाखवता येईल तिथे दाखवा.

ऐकण्याची तपासणी ही यातली पहिली गोष्ट. बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. बाळ आवाजाला दचकत नाही, हाकेला वळत नाही असे वाटले, तर ‘मोठे झाल्यावर बोलेल’ हा घरातला सल्ला बाजूला ठेवा. जन्मजात वाकड्या पावलांना प्लास्टर घालायचे काम पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाले तर सर्वात सोपे जाते. डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसत असेल तर जन्मजात मोतीबिंदूची शक्यता असते, तिथेही प्रश्न आठवड्यांचा आहे. तिरळेपणा किंवा एका डोळ्याने कमी दिसणे यावरचा उपचार साधारण सात-आठ वर्षांच्या आत जास्त लागू पडतो.

आणखी दोन लक्षणे दिसली की त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जायला हवे. एक म्हणजे बाळाने एकामागून एक झटके दिल्यासारखे अंग पुढे मुडपणे, विशेषतः झोपेतून उठल्यावर. हे फिट्सचे एक गंभीर रूप असू शकते आणि उपचाराला झालेला उशीर मेंदूच्या वाढीला महागात पडतो. दुसरे म्हणजे भरवताना वारंवार ठसका लागणे, छाती भरणे. आधी येत असलेले शब्द किंवा हालचाली मूल विसरू लागले असेल, तर तेही लांबणीवर टाकू नका.

चालण्या-बोलण्याची थेरपी, वर्तनाचे प्रश्न, शाळेतला आधार यांत काही आठवड्यांची वाट परवडू शकते. पण ती वाट रिकामी जाऊ द्यायची नाही. त्यावर पुढे लिहिले आहे.

सेवा कोणाची आणि टेबल कोणते

पालकांचा सर्वात जास्त वेळ चुकीच्या टेबलापुढे जातो. दिव्यांग मुलाच्या सेवा तीन वेगवेगळ्या खात्यांत विभागल्या आहेत आणि एका खात्याला दुसऱ्याची रिक्त पदे ठाऊकही नसतात.

तपासणी आणि थेरपी सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात. संशय आला की मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. हे केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते आणि सगळे त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट, विशेष शिक्षक, समाजसेवक असा संच तिथे अपेक्षित आहे. यातली बरीच पदे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, म्हणजे कंत्राटी असतात. मानधन खासगीपेक्षा कमी आणि नोकरीची शाश्वती नाही, म्हणून माणसे सोडून जातात आणि पद पुन्हा रिकामे होते. तुमचे मूल शाळेत किंवा अंगणवाडीत जात नसले तरी थेट डीईआयसीत नोंद करता येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले या कार्यक्रमात येतात आणि तपासणी किंवा थेरपीसाठी दिव्यांग प्रमाणपत्राची अट नाही. कोणी तशी अट घातली तर ती लेखी मागा.

शाळेतला आधार शालेय शिक्षण विभागाचा. समग्र शिक्षा अभियानाखाली समावेशित शिक्षणाचे काम तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून, म्हणजे बीआरसीतून, चालते. विशेष शिक्षक, विशेष तज्ज्ञ, घरी जाऊन शिकवणे, मदतनीस व प्रवास भत्ता हे सगळे तिथले विषय आहेत.

तिसरे खाते दिव्यांग कल्याण विभाग. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये तो स्वतंत्र केला. विशेष शाळा, कार्यशाळा, काही योजना त्याच्याकडे आणि आयुक्तालय पुण्यात. प्रमाणपत्र मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीतल्या वैद्यकीय मंडळाकडून मिळते, म्हणजे पुन्हा आरोग्य खाते आले.

एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: माझ्या मुलाला नेमके काय हवे, ते कोणत्या कार्यालयाचे काम, तिथला निर्णय घेणारा अधिकारी कोण. मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या (सीएस) ऑफिसातल्या लिपिकाला शाळेच्या मदतनीसाबद्दल विचारून तुमचा दिवस वाया जाणार नाही.

पोच हा सगळ्याचा पाया

यावर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे.

कुठलीही मागणी लेखी करा. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेबांना सांगतो, ठेवून जा’ असे म्हटले तर नम्रपणे थांबा आणि पोच मागा. दिलीच नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा किंवा कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. थोडा खर्च होतो, पण तारीख पक्की होते.

पत्र एका पानाच्या पुढे जाऊ नये. त्यात दुःखाची कहाणी सविस्तर लिहायचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण फाइलवर टिपणी लिहिणाऱ्याला चार गोष्टी लागतात: मूल कोण, सेवा कोणती, कधीपासून मिळाली नाही, तुम्ही आता काय मागता. नमुना असा:

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, …

विषय: डीईआयसीमध्ये स्पीच थेरपी न मिळाल्याबाबत व पर्यायी व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,
माझा मुलगा/मुलगी …, वय …, डीईआयसी नोंदणी क्र. …, यास दि. … रोजी स्पीच थेरपीचा सल्ला देण्यात आला. त्यानंतर दि. …, दि. … व दि. … रोजी आम्ही केंद्रात आलो असता थेरपिस्ट उपलब्ध नसल्याचे तोंडी सांगण्यात आले.
तरी विनंती की,
१) माझ्या मुलाचे नाव प्रतीक्षा यादीत घेऊन त्याचा क्रमांक व अपेक्षित दिनांक लेखी कळवावा.
२) पद भरले जाईपर्यंत आठवड्यातून किमान एक दिवस अन्य रुग्णालयातील थेरपिस्टची सेवा उपलब्ध करावी, अथवा ज्या शासकीय संस्थेत ही सेवा सुरू आहे तिथे लेखी संदर्भपत्र द्यावे.
३) केलेली कार्यवाही १५ दिवसांत कळवावी.

यातली दुसरी मागणी नीट पाहा. ‘पद ताबडतोब भरा’ ही मागणी बरोबर असली तरी जिल्ह्यातला अधिकारी त्यावर ‘वर प्रस्ताव पाठवला आहे’ एवढेच लिहू शकतो. आठवड्यातून एक दिवस माणूस आणणे, उपजिल्हा रुग्णालयातल्या थेरपिस्टला शिबिरासाठी बोलावणे, रुग्ण कल्याण समितीत हा विषय मांडणे, संदर्भपत्र देणे या गोष्टी त्याच्या आवाक्यातल्या आहेत. जे त्याला करता येते ते मागितले की नकार देणे अवघड जाते.

घरी एक साधी वही ठेवा. प्रत्येक भेटीची तारीख, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, गाडीभाडे किती गेले, मजुरी बुडाली का, हे दोन ओळींत लिहा. माणसाचे नाव ठाऊक नसेल तर पद लिहा. केस पेपर फेकू नका. त्यावर थेरपिस्टची सही नसलेली तारीख हाही पुरावाच आहे.

प्रमाणपत्राची रांग

दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो. अर्ज केला की नोंदणी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. उशीर तिथून मोजला जातो. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. त्यामुळे ‘सहा महिने लागतातच’ हे उत्तर नियमात बसत नाही.

वैद्यकीय मंडळ, म्हणजे बोर्ड, बहुतेक ठिकाणी आठवड्यातल्या ठरावीक दिवशी बसते आणि प्रत्येक प्रकारच्या दिव्यांगत्वाचा तज्ज्ञ त्या दिवशी असेलच असे नाही. मतिमंदत्व किंवा स्वमग्नतेसाठी (ऑटिझम) मानसशास्त्रज्ञ लागतो, श्रवणासाठी ऑडिओमेट्री किंवा बेरा तपासणी लागते. घरून निघण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच: ‘आमच्या मुलाच्या प्रकाराचे डॉक्टर आणि मशीन त्या दिवशी आहेत का?’ तुमच्या जिल्ह्यात तो तज्ज्ञच नसेल, तर तसे लेखी घ्या आणि जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे संदर्भित करायला सांगा. मुंबईच्या बाजूला असाल तर श्रवण व वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि हालचालींच्या प्रश्नांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या केंद्राच्या संस्था आहेत. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. विदर्भाला नागपूरचे संयुक्त प्रादेशिक केंद्र जवळ पडते.

लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरते, मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. मुदत संपायच्या चार-पाच महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. मुदत संपली की योजनांचे पैसे आधी थांबतात आणि बोर्डाची तारीख नंतर मिळते. टक्केवारी चुकीची वाटली तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येते. ४० टक्क्यांची रेषा बऱ्याच लाभांना लागू असल्याने ३५ आणि ४० यातला फरक सोडून देण्यासारखा नसतो.

शाळेत विशेष शिक्षक येत नाही

इथे कायदा पालकांच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ नुसार पुरेसे प्रशिक्षित शिक्षक नेमणे आणि सर्व स्तरांवर समावेशित शिक्षणाला लागणारे कर्मचारी देणे हे शासनाचे काम आहे. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त, असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके, शिकण्याची साधने आणि सहायक उपकरणे मोफत देणेही त्याच कलमात आहे. कलम ३१ नुसार अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये याच प्रकरणात सर्व राज्यांना मंजूर पदे अधिसूचित करून नियमित भरती करायचे आदेश दिले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये शाळांच्या समूहाच्या, म्हणजे समूह साधन केंद्राच्या, स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करायला मंजुरी दिली. म्हणून मुख्याध्यापकांना मोघम विचारण्यापेक्षा केंद्रप्रमुखांना नेमके विचारा: आपल्या केंद्रासाठी नेमलेला विशेष शिक्षक कोण, आणि आमच्या शाळेत येण्याचे त्याचे वार कोणते?

पण त्याआधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती पोर्टलवर, तुमच्या मुलाची नोंद दिव्यांग विद्यार्थी म्हणून झाली आहे का? कितीतरी मुले वर्गात असतात, त्यांचे प्रमाणपत्रही असते, पण पोर्टलवर तो रकाना रिकामा असतो. मग भत्ते येत नाहीत, साधनांच्या यादीत नाव येत नाही आणि शिक्षकांची गरज मोजताना ते मूल धरलेच जात नाही. मुख्याध्यापकांकडून त्या नोंदीची प्रत मागा. चुकली असेल तर दुरुस्तीसाठी लेखी पत्र द्या. प्रमाणपत्र अजून हाती नसेल तर शाळेने प्रशस्त या ॲपवरची प्राथमिक चाळणी करून मूल पुढच्या तपासणीसाठी पाठवायला हवे.

शाळेकडून मागायची दुसरी गोष्ट म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा. विशेष शिक्षक महिन्यातून एकदाच येत असेल तर उरलेल्या दिवसांत वर्गशिक्षकाने काय करायचे हे त्यात लिहिलेले हवे: बसायची जागा कोणती, सूचना कशा द्यायच्या, किती गृहपाठ, शौचालयात मदत कोण करणार. मुलाचे दिव्यांगत्व तीव्र असेल आणि शाळेत नेणे शक्य नसेल, तर घरी शिक्षण देण्याची तरतूद आहे. पण ती पालकांची निवड आहे. शाळेकडे माणूस नाही म्हणून मुलाला घरी बसवणे हे घरचे शिक्षण नव्हे. असे सुचवले गेले तर ‘हे लेखी द्या’ म्हणा. अशा वेळी लेखी सहसा कोणी देत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत हा विषय घेऊन ठराव करून घ्या आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. एकट्या आईच्या अर्जापेक्षा समितीच्या ठरावाला उत्तर लवकर मिळते. दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक, जादा वेळ अशा सवलती लागणार असतील तर नववीतच कागद जमवायला लागा. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे जातो आणि ऐन परीक्षेच्या वर्षी वैद्यकीय बोर्डाची तारीख मिळवणे जिकिरीचे होते.

रिक्त पदे किती? माहिती अधिकारात विचारा

‘माणूस नाही’ हे वाक्य आकड्यात आणले की त्याचे वजन बदलते. त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आले नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

‘पद का भरले नाही?’ असे विचारू नका. माहिती अधिकारात ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतात. तेव्हा कागद मागा. डीईआयसीमधील मंजूर, भरलेली व रिक्त पदे पदनिहाय, आणि प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. ती पदे भरण्यासाठी गेल्या दोन वर्षांत दिलेल्या जाहिरातींच्या व वरिष्ठांना पाठवलेल्या प्रस्तावांच्या प्रती. गेल्या १२ महिन्यांत नव्याने नोंदवलेली बालके आणि झालेली थेरपी सत्रे, महिनानिहाय. मुलांची नावे मागू नका, संख्या पुरते. असाच वेगळा अर्ज विशेष शिक्षकांबद्दल शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येतो.

उत्तर आले की त्यातल्या तारखा नीट वाचा. पद रिकामे होऊन वर्ष लोटले आणि जाहिरात एकदाही निघाली नाही असे दिसले, तर ‘उमेदवार मिळत नाहीत’ हे कारण तिथेच गळून पडते. जाहिरात वारंवार निघूनही कोणी आले नसेल, तर मागणी बदला: मानधन वाढवण्याचा प्रस्ताव पाठवा, नाहीतर सत्रानुसार मानधन देऊन खासगी थेरपिस्टला बोलवा.

तक्रार कोणाकडे न्यायची

आधी त्याच कार्यालयाच्या प्रमुखाला स्मरणपत्र. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक त्यात लिहा. त्यानंतर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनात विषय मांडा. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. या दिवशी वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी एकाच खोलीत असतात. आरोग्य खाते शिक्षणाकडे आणि शिक्षण खाते आरोग्याकडे बोट दाखवत असेल, तर तो प्रश्न तिथेच तोडता येतो.

मागितलेली सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल, तर तिची मुदत आणि अपिलीय अधिकारी कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लिहिलेले असतात. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. फलक आधी वाचा, त्याचा फोटो काढा.

शाळेच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ वापरा. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिकेकडे, लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

दिव्यांगत्वाशी संबंधित कुठल्याही हक्काच्या उल्लंघनासाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. २०१६ च्या अधिनियमाने त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले आहेत: अधिकाऱ्याला बोलावणे, कागदपत्रे मागवणे. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते. इथे तुमची वही, पोच घेतलेली पत्रे आणि माहिती अधिकाराचे उत्तर एकत्र जोडले की तक्रार भक्कम होते.

वकील लागलाच तर खर्चाला घाबरू नका. दिव्यांग व्यक्ती, मुले आणि स्त्रिया यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

थेरपी नसलेल्या महिन्यांत घरी काय

पालकांना सर्वात जास्त धास्ती याचीच असते, आणि ती रास्त आहे. पण लहान मुलाच्या बाबतीत आठवड्यातल्या एका सत्रापेक्षा रोजच्या दिनक्रमात मिसळलेला सराव मोलाचा असतो. चांगली थेरपिस्ट हेच सांगेल. म्हणून मिळेल त्या एका भेटीचा पुरेपूर उपयोग करा.

भेटीला जाताना तीनच प्रश्न लिहून न्या, सध्या सर्वात अडणाऱ्या गोष्टींबद्दल. ‘बोलायला शिकवायचे आहे’ हे फार मोठे झाले. ‘पाणी हवे असताना रडण्याऐवजी खूण करावी’ हे शिकवता येते. थेरपिस्टला व्यायाम करून दाखवायला सांगा, परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रीकरण करा आणि मग तिच्यासमोर स्वतः करून दाखवा, म्हणजे हात कुठे चुकतो ते ती तिथेच सांगेल. शेवटी विचारा: काय करायचे नाही? सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा ताठर पाय जोर लावून ओढणे, मान सावरता न येणाऱ्या बाळाला आडवे झोपवून भरवणे अशा गोष्टी प्रेमापोटी होतात आणि इजा करतात.

घरी दहा व्यायामांची यादी भिंतीला लावू नका. ती पाळली जात नाही आणि मग आईला अपराधी वाटत राहते. दोन-तीन गोष्टी निवडून त्या अंघोळ, जेवण, कपडे घालणे यांना जोडा. शर्ट घालताना हात पुढे करायला थांबणे ही ऑक्युपेशनल थेरपी आहे. दोन वस्तू समोर धरून ‘कोणते?’ विचारून मूल बघेपर्यंत, बोट दाखवेपर्यंत शांत राहणे हे स्पीचचे काम आहे. बसण्याची स्थिती, उभे करायची चौकट, पायाला आधार देणारे स्प्लिंट याबाबत मात्र स्वतः प्रयोग करू नका. मूल वाढले की स्प्लिंट आखूड पडते. कातडीवर लाल वळ राहू लागले तर तज्ज्ञाला दाखवायची वेळ झाली.

महिन्यातून एकदा एकाच जागी, एकाच कृतीचा छोटा व्हिडिओ काढा: बसणे, चमचा धरणे, हाकेला उत्तर देणे. सहा महिन्यांनी नवीन थेरपिस्ट आली तर तिला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. एखादे कौशल्य मागे गेले असेल तर तुमच्या तक्रारीतही ते दाखवता येईल.

खासगी थेरपिस्टकडे जावे लागले तर नोंदणी विचारायला लाजू नका. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. टंचाई आहे म्हणून गल्लोगल्ली ‘थेरपी सेंटर’ निघाली आहेत आणि ‘तीन महिन्यांत ऑटिझम बरा’ असे सांगून पैसे उकळणारेही आहेत. ऑटिझम बरा करणारे औषध किंवा थेरपी नाही. असे आश्वासन मिळाले की तिथून उठा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना जरूर काढा. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो. बिलांवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या.

दहा पालक एकत्र आले तर

डीईआयसीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आईचा नंबर घ्या. एका मुलासाठी अधिकारी ‘बघतो’ म्हणतो, त्याच थेरपीसाठी थांबलेल्या दहा मुलांची यादी समोर ठेवली की त्याला वरती पत्र लिहावेच लागते. आणि खरे सांगायचे तर अनेक अधिकाऱ्यांना अशी यादी हवीच असते, कारण पदाची मागणी रेटायला त्यांच्याकडेही दुसरा पुरावा नसतो. त्यांच्याशी भांडत न बसता हे त्यांना बोलून दाखवा.

यादीत मुलाचे वय, गाव, हवी असलेली सेवा आणि थांबल्याची तारीख एवढेच असू द्या. निदान आणि नावे सार्वजनिक ग्रुपवर टाकू नका. ही यादी माहिती अधिकाराच्या उत्तरासह आमदारांना द्या आणि अधिवेशनाआधी तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारायची विनंती करा. अशा प्रश्नाला उत्तर तयार करण्यासाठी मंत्रालयातून जिल्ह्याकडे माहिती मागवली जाते, आणि बासनात गेलेली फाइल त्या निमित्ताने टेबलावर येते. ग्रामपंचायती, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीस वस्तुवाटपात संपतो. आर्थिक वर्ष सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत पालकांनी मागणी नोंदवावी: थेरपीला नेण्यासाठी आठवड्यातून एकदा गाडी, किंवा बाहेरच्या थेरपिस्टचे मानधन. ठरावाच्या इतिवृत्तात ते शब्द जसेच्या तसे आले आहेत का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) प्रत घेऊन त्याच आठवड्यात तपासा.